महागाईचा टक्का छापता, तसा निर्देशांकही छापावा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर २०२५ मधील किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के, म्हणजे २०१२ हे आधारवर्ष (ज्या वर्षाचे भाव १०० धरतात ते वर्ष) असलेल्या मालिकेतील तोवरचा सर्वांत कमी, ही बातमी आपण १३ नोव्हेंबरच्या अंकात पहिल्या पानावर दिलीत. आकडा बरोबर होता. मथळा मात्र भाव उतरल्याचे सांगत होता, आणि त्या मथळ्यावरून सातपूरच्या आमच्या ज्येष्ठांच्या बैठकीत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे, की दूध, औषधे आणि शाळेची फी यांपैकी काहीच कमी झालेले नसल्याने हा आकडा धादांत खोटा आहे. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे, की आता महागाईच उरलेली नाही, तेव्हा पेन्शनवाढीची मागणी कोणत्या तोंडाने करायची? ही दोन्ही मते एकाच गैरसमजातून निघाली आहेत, आणि त्यातले दुसरे मत तर आमच्यासारख्यांचे प्रत्यक्ष नुकसान करणारे आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी १९८२ ते २०१८ या काळात सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी केली. हजेरी आणि ओव्हरटाइम यांच्याबरोबर महागाई भत्त्याची आकडेमोड माझ्याकडे असे. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक सिमल्याचे श्रम ब्युरो दर महिन्याला जाहीर करते. तो आकडा आला, की मी तो सूचनाफलकावर लावत असे. कामगार फलकापाशी येऊन ‘किती टक्के?’ असे कधीच विचारत नसत, ‘किती पॉइंट वाढले?’ असे विचारत. प्रत्येक पॉइंटमागे पगारात किती पैसे पडतात हे करारात लिहिलेले असल्यामुळे त्यांना निर्देशांक आणि त्यातली वाढ यांतला फरक कुणी शिकवावा लागला नव्हता. तो फरक आजच्या बातम्यांतून नाहीसा झाला आहे.

नाशिककरांना गोदावरीच्या पुराचे उदाहरण चटकन समजेल. पूर आला, की आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतो आणि पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीला, असे सांगतो. ती पाण्याची पातळी झाली. गेल्या तासाभरात पाणी किती बोटे चढले, हा झाला चढण्याचा वेग. निर्देशांक ही भावांची पातळी आहे आणि महागाईचा दर हा तिच्या चढण्याचा वेग आहे. वेग शून्यावर आला याचा अर्थ पाणी जिथे पोचले होते तिथेच थांबले, एवढाच होतो. पाणी ओसरले असा होत नाही. २०१२ साली जी खरेदी १०० रुपयांत होत होती तिला ऑक्टोबर २०२४ मध्ये सुमारे १९७ रुपये लागत होते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्येही सुमारे १९७ रुपयेच लागत होते. हे वाक्य बातमीत असते, तर आमच्या बैठकीतला वाद झालाच नसता.

वेगाच्या आकड्याला आणखी एक खोड असते. तो वर्षापूर्वीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढला जातो, त्यामुळे मागच्या वर्षी जे घडले त्याची सावली यंदाच्या आकड्यावर पडते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाजीपाल्याची महागाई ४२.१८ टक्के होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाजीपाला २७.५७ टक्क्यांनी उतरला. दोन्ही मथळे स्वतंत्रपणे वाचले तर एकदा आकाश कोसळल्यासारखे वाटते आणि एकदा दिवाळी आल्यासारखे. आता हे दोन आकडे एकावर एक ठेवून पाहावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये १०० रुपयांना मिळणारी भाजी वर्षाने १४२ रुपये १८ पैशांना झाली, आणि त्या रकमेतून २७.५७ टक्के वजा केले की १०३ रुपयांच्या किंचित आत येतात. दोन वर्षांत मिळून वाढ जेमतेम तीन टक्क्यांची. साध्या त्रैराशिकाचे हे गणित आपल्या वार्ताहराला दोन मिनिटांत करता आले असते.

आता पहिल्या तटाबद्दल. आकडा खोटा नाही. तो कुणा एका घराचा नाही, एवढेच. निर्देशांक काढण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ आधी कुटुंबांच्या खर्चाचे सर्वेक्षण करतात, त्यातून शंभर रुपयांपैकी किती रुपये कशावर जातात हे ठरवतात आणि त्या प्रमाणात प्रत्येक वस्तूला भारांक देतात. मग ठरलेल्या बाजारांतून त्याच त्या वस्तूंचे भाव महिन्यामागून महिना गोळा केले जातात. ही ठरावीक टोपली तीच ठेवून तिची किंमत पाहण्याची रीत जर्मन अर्थशास्त्रज्ञ लास्पेयर यांनी १८७१ साली मांडली आणि आपला निर्देशांक मूलतः त्याच रीतीने चालतो. २०१२ च्या मालिकेसाठी १,११४ शहरी बाजारांतून आणि १,१८१ खेड्यांतून भाव घेतले जात. हे काम करणारे क्षेत्रीय कर्मचारी दुकानदारांकडे वर्षानुवर्षे त्याच वस्तूची, त्याच मापाची चौकशी करत असतात, आणि त्यांच्या या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे.

या टोपलीत अन्न आणि पेये यांचा भारांक देशासाठी ४५.८६ आहे. ग्रामीण भागासाठी तो ५४.१८ आणि शहरी भागासाठी ३६.२९ आहे. म्हणूनच भाज्या आणि डाळी उतरल्या, की खेड्याचा आकडा शहरापेक्षा अधिक उतरतो. त्याच ऑक्टोबरात ग्रामीण दर शून्याच्या खाली, उणे ०.२५ टक्के होता आणि शहरी दर ०.८८ टक्के होता. आपल्या बातमीत या दोहोंपैकी एकही आकडा नव्हता. नाशिक शहरातला भाडेकरू आणि पेठ-सुरगाण्यातला शेतमजूर यांना एकाच ०.२५ मध्ये बसवले गेले.

आरोग्याचा भारांक ५.८९ आहे, आणि ऑक्टोबरात आरोग्यावरील खर्चाची महागाई ३.८६ टक्के होती. आमच्या वयाच्या माणसाच्या शंभर रुपयांतले औषधपाण्यावर सहा रुपये जातात, की वीस-पंचवीस, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. माझ्या घरच्या हिशेबाच्या वहीवरून मी माझे स्वतःचे भारांक काढून पाहिले, तेव्हा औषधे आणि तपासण्या यांवर एकवीस रुपये निघाले. पहिल्या तटाला आलेला अनुभव त्यामुळे खराच होता; पण माझा अनुभव माझ्या टोपलीचा आहे आणि सरकारचा आकडा सर्वांच्या सरासरी टोपलीचा आहे, एवढे ध्यानात घेतले तर कुणाला खोटे ठरवण्याची गरज राहत नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. ही सरासरी माणसांची नसून रुपयांची असते. जो अधिक खर्च करतो त्याच्या आवडीनिवडी टोपलीत अधिक उतरतात, त्यामुळे गरिबाचे घर या सरासरीपासून आणखी दूर पडते.

घराच्या बाबतीतही असाच गोंधळ ऐकू येतो. गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरला फ्लॅटचे दर कुठे जाऊन पोचले आहेत आणि हे सरकार महागाई कमी म्हणते, असे लोक म्हणतात. फ्लॅटची किंमत या निर्देशांकात धरतच नाहीत. घर विकत घेणे ही गुंतवणूक समजली जाते. २०१२ च्या मालिकेत फक्त भाडे येते, तेही शहरी भागापुरते, आणि तिथे त्याचा भारांक २१.६७ आहे. त्या मालिकेच्या ग्रामीण टोपलीत घरभाडे नाहीच. हे योग्य की अयोग्य यावर मतभेद होऊ शकतात. पण काय मोजले आहे हे समजल्याशिवाय तो वाद घालता येणार नाही.

टोपली जुनी होणे हा दोष मात्र खरा आहे. ही मालिका २०११-१२ च्या खर्चावर उभी आहे. त्या वर्षी खेड्यातले कुटुंब खर्चाच्या जवळपास ५३ टक्के अन्नावर करत होते. २०२२-२३ च्या सर्वेक्षणात ते प्रमाण सुमारे ४६ टक्के आले. २०२४ हे आधारवर्ष धरून आणि २०२३-२४ च्या सर्वेक्षणावरून नवी मालिका बांधणे, ही चांगलीच गोष्ट आहे. शेतमजुरांच्या वाट्याला याहून वाईट आले. रोजगार हमीची मजुरी ज्या शेतमजूर निर्देशांकाला बांधलेली होती, त्याचे आधारवर्ष १९८६-८७ होते आणि त्याची टोपली १९८३ सालच्या खर्चाची होती. ती बदलून २०१९ चे आधारवर्ष आले ते २०२५ साली. चाळीस वर्षांपूर्वीचा मजूर काय खात होता यावरून आजच्या मजुराची मजुरी ठरत राहिली, आणि त्यावर कुठे मोठी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

मालाचा दर्जा हा मोजणीतला सर्वांत कठीण भाग आहे. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाचच रुपयांना राहतो आणि आतली बिस्किटे कमी होतात. भाव ठरावीक वजनाचा पाहिला, तर ही वाढ मोजणीत धरता येते. मोबाइल फोन मात्र त्याच किमतीत दरवर्षी अधिक कामाचा होतो, मग तो स्वस्त झाला असे धरायचे का, आणि किती? अमेरिकेत १९९६ साली बॉस्किन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने, दर्जातली सुधारणा आणि महाग वस्तू सोडून स्वस्ताकडे वळणारे ग्राहक नीट न धरल्यामुळे तिथला निर्देशांक महागाई वर्षाला सुमारे १.१ टक्क्याने जास्त दाखवतो, असा निष्कर्ष काढला होता. मी हे मान्य करूनही सांगतो, की गूळ-साखर, तेल, डाळ आणि रक्तदाबाची गोळी यांत अशी सुधारणा होत नसते, आणि निवृत्त माणसाची टोपली मुख्यतः अशाच वस्तूंनी भरलेली असते.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी उचलली तिच्याकडे येतो. रुपयावर छापलेला आकडा आणि त्या रुपयाची खरेदीशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. शंभराच्या नोटेवर तेव्हाही शंभरच लिहिलेले असे आणि आजही तेच लिहिलेले असते. १९८२ साली माझा पहिला पगार ६०० रुपये होता. तेव्हा निर्देशांक १९६० च्या आधारावर चाले. पुढे १९८२, मग २००१ आणि मग २०१६ अशी आधारवर्षे बदलली. जुनी मालिका नव्या मालिकेला जोडण्यासाठी एक गुणक दिला जातो, ज्याला आम्ही लिंकिंग फॅक्टर म्हणत असू; १९८२ च्या आणि २००१ च्या मालिकेसाठी तो ४.६३ आहे, तर २००१ च्या आणि २०१६ च्या मालिकेसाठी २.८८. सप्टेंबर २०२५ चा निर्देशांक १४७.३ आहे. त्याला या दोन गुणकांनी गुणले, तर १९८२ च्या आधारावर सुमारे १,९६४ येतात. म्हणजे माझे ते ६०० रुपये आजच्या सुमारे ११,७८५ रुपयांच्या बरोबरीचे होते. आज सातपूर-अंबडला कंत्राटावर लागणाऱ्या मुलाचा पगार सांगितला जातो, तेव्हा मी मनातल्या मनात त्याला १९.६४ ने भागून पाहतो आणि मगच तो माझ्यापेक्षा सुखात आहे की नाही हे ठरवतो. नुसते ‘आमच्या वेळी सहाशेत भागत होते’ असे म्हणण्याला काही अर्थ नाही.

हे गुणक आणि हे भारांक म्हणजे कारकुनी तपशील आहेत असे कुणाला वाटत असेल, तर त्यांनी १९६३ ची मुंबई आठवावी. तिथल्या निर्देशांकाच्या मोजणीवरच कामगारांनी हरकत घेतली, आंदोलन उभे राहिले आणि प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली. त्या पिढीच्या कामगाराला निर्देशांक आपल्या ताटाशी जोडलेला आहे हे पक्के ठाऊक होते.

आमच्या कारखान्यात ते भान पुढे सुटले. १९९६-९७ च्या करारात एकरकमी वाढ देऊन महागाई भत्ता १,४०० रुपयांवर कायमचा ठरवण्यात आला, म्हणजे निर्देशांकाशी असलेली त्याची गाठ सोडण्यात आली. हातात एकदम आलेल्या रकमेमुळे सगळे खूश होते. मी टाइम ऑफिसात बसून आकडे पाहत होतो आणि जाणत्या सहकाऱ्यांना सांगतही होतो, पण माझे म्हणणे मला पटवून देता आले नाही, याची बोच अजून आहे. त्या वर्षी निर्देशांकाची सरासरी ३४२ होती. २००५-०६ मध्ये ती ५४२ झाली. भत्ता १,४०० च राहिला, पण त्याची किंमत १९९६-९७ च्या पैशात ८८३ रुपये उरली. कुणी एक पैसाही कापला नव्हता, पगाराच्या चिठ्ठीवर आकडा तोच होता, आणि तरीही नऊ वर्षांत भत्त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग गेला.

हेच आज निवृत्तीवेतनात होत आहे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तीवेतन योजनेतील किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे. तेव्हा किरकोळ निर्देशांक १२० च्या आसपास होता, ऑक्टोबर २०२५ मध्ये तो १९७ च्या आसपास होता. म्हणजे २०१४ च्या पैशात ही पेन्शन आता सहाशे-सव्वासहाशेच्या दरम्यान आली आहे. याच नाशिकमध्ये केंद्र सरकारच्या निवृत्तांना महागाई सवलत मिळते. जुलै २०२५ मध्ये तिचा दर ५८ टक्के झाला आणि तो औद्योगिक कामगार निर्देशांकाच्या बारा महिन्यांच्या सरासरीवरून ठरतो. त्या निर्देशांकासाठी देशातल्या ८८ केंद्रांत भाव गोळा होतात आणि त्यांत नाशिक हे एक केंद्र आहे. आमच्याच बाजारातले भाव मोजून काढलेला निर्देशांक शेजारच्याच्या पेन्शनला लागू होतो आणि आमच्या पेन्शनला होत नाही. शेजाऱ्याला मिळते ते योग्यच मिळते, आणि आमचीही गाठ त्याच निर्देशांकाशी बांधावी, एवढीच मागणी आहे.

पैशाच्या मर्यादा ठरवतानाही हीच चूक होते, आणि ती फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये १७०७ साली विल्यम फ्लीटवूड नावाच्या धर्मगुरूपुढे एका विद्यार्थ्याचा प्रश्न आला होता. त्याच्या महाविद्यालयाच्या पंधराव्या शतकातल्या नियमानुसार वर्षाला पाच पौंडांहून अधिक स्वतःचे उत्पन्न असणाऱ्याला तिथली वृत्ती सोडावी लागे. फ्लीटवूड यांनी त्या काळचे आणि स्वतःच्या काळचे धान्य, मांस, पेय आणि कापड यांचे भाव ताडून पाहिले आणि जुन्या पाच पौंडांची बरोबरी आता अठ्ठावीस-तीस पौंडांशी होते, असे दाखवून दिले. किंमत निर्देशांकाची सुरुवात अनेक जण तिथपासून मानतात. आपल्याकडे इतर मागासवर्गीयांसाठी उन्नत गटाची (क्रीमी लेयरची) उत्पन्नमर्यादा २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. तेव्हा निर्देशांक १३५ च्या आसपास होता. आज तेवढीच खरेदीशक्ती राखायची, तर मर्यादा साडेअकरा लाखांच्या पुढे असायला हवी. मर्यादा वाढवावी की नाही हा धोरणाचा प्रश्न आहे. पण ती न वाढवता दरवर्षी आपोआप खाली येत आहे, हे तरी लोकांना कळायला हवे.

शेतकऱ्याचा विषय सोडला तर नाशिकहून लिहिलेले पत्र अपुरे राहील. २०१२ च्या मालिकेत कांद्याचा भारांक ०.६४ आहे, शंभर रुपयांतले चौसष्ट पैसे. एवढ्याशा वाट्यासाठी केवढे निर्णय होतात ते ऑगस्ट २०२३ चे निर्यातशुल्क आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातली निर्यातबंदी यांत लासलगावच्या कांदा बाजाराने पाहिले. कांदा उतरला, की निर्देशांक उतरतो आणि आपण महागाई घटल्याची बातमी देता. त्याच दिवशी बाजार समितीत कुणाचे तरी उत्पन्न घटलेले असते. शेतकऱ्यासाठी खरी किंमत म्हणजे त्याच्या मालाच्या बदल्यात काय येते ती. डीएपी खताची गोणी १,३५० रुपयांना आहे. कांद्याला क्विंटलमागे १,३५० मिळाले तर एका क्विंटलात एक गोणी येते, ९०० मिळाले तर त्याच गोणीला दीड क्विंटल कांदा मोजावा लागतो. ग्राहक निर्देशांकात हे कुठेच दिसत नाही, आणि तो त्याचा दोषही नाही, कारण तो घेणाऱ्याच्या बाजूने मोजतो. त्या बातमीशेजारी लासलगावच्या सरासरी भावाची एक ओळ दिली, तर दुसरी बाजूही वाचकाला दिसेल.

आपल्याला विनंती अशी, की दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास महागाईचा दर येतो तेव्हा त्याच्यासोबत निर्देशांकाचा मूळ आकडा, त्याचे आधारवर्ष, आणि ग्रामीण व शहरी दर द्यावेत. महिन्याच्या अखेरीस औद्योगिक कामगारांचा निर्देशांक जाहीर होतो, त्यात नाशिक केंद्राचा आकडा स्वतंत्र असतो. तो नाशिक आवृत्तीत छापावा, कारण करार करणाऱ्या युनियनला आणि मालकांना दोघांनाही तो लागतो. आणि कुठलेही अनुदान, भरपाई, पेन्शन किंवा उत्पन्नमर्यादा जाहीर झाल्याची बातमी देताना, ती रक्कम मागे ज्या वर्षी ठरली होती त्या वर्षाच्या पैशात आज किती भरते, एवढे एक वाक्य जोडावे. नाशिक केंद्राचे २००१ च्या मालिकेपासूनचे मासिक आकडे मी वहीत हाताने उतरवून ठेवले आहेत. आपल्या कार्यालयाला त्यांचा उपयोग होणार असेल, तर ती वही मी आणून देईन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त टाइम ऑफिस कर्मचारी,
सातपूर, नाशिक
२४ नोव्हेंबर २०२५